हातभर उंचीचे महाकाय

सन १९२२ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहरी अमेरिकन जादूगारांच्या मंडळाची मेजवानी झाली. तिला शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल पाहुणे म्हणून हजर होते. डॉयलसाहेब त्या सुमारास परलोकविद्येच्या पूर्ण आहारी गेलेले, आणि मंडळाचा अग्रणी हॅरी हुदिनी हा परलोकवाद्यांची बिंगे चव्हाट्यावर आणण्यात पटाईत. त्यामुळे साहेब आता कोणते भूत उभे करणार, अशा किंचित खवचट कुतूहलाने जमलेली मंडळी वाट पाहत होती. साहेबांनी भूत उभे केले नाही. त्यांनी एक लहानशी मूक फीत पडद्यावर दाखविली, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीतलावरून नामशेष झालेले डायनोसॉर तीत निवांतपणे चरताना, बागडताना आणि एकमेकांच्या नरडीचा घोट घेताना दिसू लागले. ही चित्रे आली कोठून, याविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही हकीकत पहिल्या पानावर छापली, आणि मग कोठे डॉयलसाहेबांनी हुदिनीस पत्र लिहून खुलासा केला की, ही फीत त्यांच्याच 'द लॉस्ट वर्ल्ड' या कादंबरीवर निघू घातलेल्या चित्रपटाची पूर्वतयारी होय. धंद्याने जादूगार असलेल्या माणसांना एका लेखकाने परस्पर चकविले, याची गंमत वाटतेच. परंतु ज्या माणसाने हे चकविणे शक्य केले तो त्या मेजवानीच्या चर्चेत कोठेच नव्हता, ही गोष्ट मला अधिक लक्षणीय वाटते, कारण पुढील चाळीस वर्षे त्याच्या नशिबी बहुतांशी हेच येणार होते.

त्याचे नाव विलिस ओब्रायन. १८८६ साली कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे जन्मलेल्या या गृहस्थाने मुष्टियुद्ध केले, वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रे काढली, आणि संगमरवर घडविण्याच्या कारखान्यातही काम केले. तेथे फावल्या वेळी सोबत्याबरोबर मातीचे मुष्टियोद्धे करून त्यांची लुटुपुटीची लढत लावीत असता, हीच लढत चित्रफितीवर घेता येईल अशी कल्पना त्याच्या मनात आली असे सांगतात. १९१५ साली त्याने डायनोसॉर आणि आदिमानव यांची एक विनोदी छोटी फीत तयार केली. ती एडिसनच्या कंपनीने विकत घेतली आणि दोन वर्षांनी प्रकाशित केली. त्याच १९१५ साली आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची फीत काढून निर्जीव काड्यांना पडद्यावर नाचविले होते. त्याहीपूर्वी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरून कॅमेऱ्याने थोडे थोडे टिपत त्यांनी अंकुराची वाढ दाखविली होती आणि त्या चित्राच्या बळावर भांडवल उभे केले होते. ओब्रायनला फाळके ठाऊक असण्याचा आणि फाळक्यांना ओब्रायन ठाऊक असण्याचा संभव नाही. तथापि कॅमेऱ्याची मूठ थांबत थांबत फिरविली तर काळ आपल्या हुकमात येतो, हा शोध पृथ्वीच्या दोन टोकांना दोन हरहुन्नरी माणसांनी जवळजवळ एकाच वेळी उपयोगात आणावा, हे पाहून मन प्रसन्न होते. 'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही, हा विचार मनात येताच ती प्रसन्नता अर्धी उणी होते.

या विद्येला स्टॉप-मोशन म्हणतात. तिचे तत्त्व चार ओळींत सांगता येते आणि आचरण आयुष्य खाते. बोलपटाच्या फितीवर एका सेकंदास चोवीस फ्रेम धावतात. प्राण्याची बाहुली टेबलावरील बुटक्या अरण्यात उभी करावयाची, एक फ्रेम टिपावयाची, मग तिचा पाय केसभर पुढे सरकवावयाचा, मान रेसभर वळवावयाची, शेपटीचे टोक किंचित उचलावयाचे, आणि पुन्हा एक फ्रेम टिपावयाची. असे चोवीस वेळा केले की जनावर एक सेकंद जगते. यात मधेच चुकले तर खोडरबर नाही. कोणता अवयव कोठून कोठे निघाला होता याचा हिशेब करणाराने डोक्यात वागवावयाचा, आणि दिव्यांच्या उष्णतेने काही वितळले किंवा एखादे पान सुकून वाकले तर ते पडद्यावर जादूने हलल्यासारखे दिसणार हेही गृहीत धरावयाचे.

बाहुल्यांची कथाही ऐकण्याजोगी आहे. लॉस एंजेलिस येथील ओटिस कलाशाळेत ओब्रायनला मार्सेल डेल्गादो नावाचा मेक्सिकोत जन्मलेला एक होतकरू तरुण भेटला. किराणा दुकानात नोकरी करून तो शिल्पकला शिकत होता. ओब्रायनने देऊ केलेले काम त्याने एकदा नव्हे अनेकदा नाकारले. अखेर ओब्रायनने त्याला नुसते स्टुडिओ पाहावयास बोलाविले आणि चार्ल्स नाइटच्या प्रागैतिहासिक प्राण्यांच्या चित्रांनी मढविलेल्या खोलीत नेऊन, ही खोली तुझीच आहे, असे सांगून टाकले. तेथे त्या भिडस्त मुलाचा निश्चय विरघळला. नाइट हा त्या काळी पुराजीवांच्या चित्रणातील सर्वमान्य अधिकारी होता, आणि डेल्गादोने त्याची चित्रे समोर ठेवून १९२५ च्या 'द लॉस्ट वर्ल्ड'साठी सुमारे पन्नास जनावरे घडविली. आत खोबणीत फिरणाऱ्या सांध्यांचा धातूचा सांगाडा, त्यावर स्पंज आणि कापसाचे स्नायू, त्यावर रबराची कातडी. कित्येकांच्या पोटात फुगा बसविलेला असे. तो फ्रेमगणिक थोडा फुगवावा, थोडा सोडावा, म्हणजे जनावर श्वास घेताना दिसे. १९३३ सालच्या 'किंग काँग'मधील वानरराज, ज्याने एम्पायर स्टेट इमारतीच्या शिखरावरून विमाने झोडपली, तो टेबलावर अठरा इंच, म्हणजे आपल्या जुन्या मापाने नेमका एक हात उंच होता. त्याच्या अंगावर सशाची लोकर होती. बाहुली हलविताना बोटे लोकरीवर पडत, आणि पडद्यावर ती लोकर सतत शहारल्यासारखी दिसे. कंपनीच्या एका वरिष्ठाने ती पाहून, वाहवा, क्रोधाने केस उभे राहिलेले दाखविलेत, असे म्हटल्याची आख्यायिका आहे. ती खोटी असली तरी हरकत नाही.

मला या चित्रपटांचे जे वेड आहे ते बालपणीच्या ममतेमुळे आहे असे समजून मी पुष्कळ दिवस त्याची रुजुवात घेण्याचे टाळले. परंतु उतारवयात ते पुन्हा एकवार बारकाईने पाहिले तेव्हा ध्यानात आले की, भीतीची दृश्ये मला आठवत नव्हतीच. आठवत होत्या त्या काही फुटकळ हालचाली. 'किंग काँग'मधला टायरॅनोसॉरस अरण्यातून प्रथम प्रवेश करतो तेव्हा वाटेत क्षणभर थांबून कान खाजवितो. कथेला याची गरज नव्हती. दिग्दर्शकद्वय कूपर आणि शूडसॅक यांचे घोडे त्यावाचून अडले नसते. पुढे काँग त्याचा जबडा फाडून त्यास ठार मारतो, आणि मग तो लोंबता जबडा हाताने उघडून मिटून पाहतो, शत्रू खरोखरीच मेला की कसे याची खातरजमा करून घेत. ही खातरजमा पडद्यावर काही सेकंदांची आहे. परंतु कोणी सांगितले नसता, मुदतीचा तगादा डोक्यावर असता, एका माणसाने त्या निरर्थक कुतूहलासाठी कित्येक तास वाकून काढले आहेत. जे जनावर केवळ भक्ष्यावर झेप घेते ते यंत्र होय. जे झेप घेण्यापूर्वी कान खाजविते त्याला स्वतःचा असा एक दिवस असतो, त्यात मनुष्य मध्येच आलेला असतो. या चित्रपटांची मोहिनी माझ्या मते या अनावश्यक उधळपट्टीत आहे.

याचा प्रतिपक्षाकडून मिळणारा दाखलाही भक्कम आहे. या मेहनतीस आणि खर्चास कंटाळलेल्या निर्मात्यांनी दुसरी एक स्वस्त तजवीज शोधून काढली होती; ती म्हणजे जिवंत सरडे, घोरपडी आणि सुसरी यांच्या पाठीवर कल्ले आणि शिंगे चिकटवून त्यांचे चित्रण करावयाचे आणि ते मोठे करून दाखवावयाचे. १९४० साली हॅल रोच याच्या 'वन मिलियन बी. सी.' या चित्रपटाने हा उद्योग सढळपणे केला, आणि त्यातील तुकडे पुढे कित्येक वर्षे इतर चित्रपटांना जोडले जात होते. मुक्या प्राण्यांना एकमेकांवर घालण्यातील क्रौर्य बाजूस ठेवले, (ते बाजूस ठेवण्याजोगे नाही) तरी नवलाची गोष्ट ही की, तो सरडा खराखुरा जिवंत असून पडद्यावर मेल्यासारखा दिसतो. त्याला आपण डायनोसॉर आहोत याचा पत्ता नसतो. तो दिव्यांच्या उष्म्याने मरगळून नुसता पडलेला असतो. रबराच्या जनावराला मात्र आपण कोण आहोत हे पुरते ठाऊक असते. सन १९६० मध्ये 'द लॉस्ट वर्ल्ड' पुन्हा काढावयाचे ठरले तेव्हा वृद्ध ओब्रायनला नोकरीस ठेवण्यात आले, श्रेयनामावलीत त्याचे नाव घालण्यात आले, आणि प्रत्यक्षात कल्ले चिकटविलेले सरडे वापरण्यात आले. ज्याने ही विद्या नावारूपास आणली त्याच्या नावाखाली तिचा असा पंचनामा व्हावा, याहून विटंबना ती कोणती?

ओब्रायनच्या आयुष्यात दुःखे कमी नव्हती. १९३३ च्या शरदात, 'काँग'चे यश ताजे असतानाच, त्याच्यापासून विभक्त राहणाऱ्या पत्नीने त्यांच्या दोन्ही मुलांना गोळ्या घालून ठार केले. त्यानंतरची त्याची पुष्कळशी कारकीर्द म्हणजे नामंजूर झालेल्या मसुद्यांचे दफ्तर होय. शेवटी शेवटी त्याने काँगची गाठ फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाशी घालणारी एक कथा रचली. ती एका निर्मात्याने त्याच्या अपरोक्ष जपानच्या तोहो कंपनीस विकली, आणि १९६२ साली तिच्यातून गॉडझिला आणि काँग यांचा जो सामना निघाला त्यात दोन्ही राक्षसांच्या कातड्यांत माणसे शिरलेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओब्रायन वारला. न्याय एवढाच झाला की, १९४९ च्या 'माइटी जो यंग'ला चमत्कृतीचे ऑस्कर मिळाले, आणि त्या चित्रपटात त्याच्या हाताखाली एक तरुण मदतनीस कामाला होता.

हा मदतनीस म्हणजे रे हॅरीहाउसेन. जन्म १९२०, लॉस एंजेलिस. तेरा वर्षांचा असताना त्याने हॉलीवुडच्या चायनीज थिएटरात 'किंग काँग' पाहिला, आणि त्या दिवसापासून त्याच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. आईवडिलांनी या वेडाला हसण्याऐवजी हातभार लावला. यंत्रकामात वाकबगार असलेला बाप पुढे पुष्कळ वर्षे मुलाच्या जनावरांचे धातूचे सांगाडे घडवीत असे, आणि आई बाहुल्यांचे कपडे शिवीत असे. १९५३ साली 'द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स' या अल्प खर्चाच्या चित्रपटात त्याने ऱ्हीडोसॉरस नावाचे एक जनावर, जे कोणत्याही शास्त्रीय ग्रंथात सापडणार नाही, अणुस्फोटाने बर्फातून जागे करून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सोडले आणि कोनी आयलंडच्या जत्रेतील जळत्या झुल्यांमध्ये त्याचा अंत केला. त्या बाहुलीच्या आतला सांगाडा काढून घेऊन पाच वर्षांनी त्याने सिंदबादच्या चित्रपटातील अग्निमुखी सर्पराज घडविला. काटकसर ही या विद्येची सावत्र आई होती.

काटकसरीतूनच त्याची पद्धत निघाली. ओब्रायन काचेवर रंगविलेल्या अरण्यांचे थरावर थर रचून देखावा उभा करी. तसल्या खर्चाची मुभा हॅरीहाउसेनला नव्हती. त्याने नटांचे आधी चित्रण केलेले दृश्य लहान पडद्यावर मागून टाकले, पुढे टेबलावर बाहुली ठेवली, आणि कॅमेऱ्यासमोर काच धरून तिच्यावर टेबलाचा व जमिनीचा भाग काळ्या रंगाने झाकला. अशा रीतीने एकेक फ्रेम टिपून झाली की फीत उलटी गुंडाळावयाची, वरचा भाग झाकावयाचा, आणि राहिलेल्या काळ्या जागेत मूळ दृश्याचीच जमीन पुन्हा टिपावयाची. याचा परिणाम असा की, जनावर खऱ्या दगडामागून येते आणि खऱ्या वाळूवर पाय टाकते. निर्माता चार्ल्स श्नीअर याने या युक्तीला डायनामेशन असे भारदस्त नाव दिले. परंतु कृती म्हणाल तर ती एका माणसाने बंद खोलीत एकट्याने करावयाची होती, आणि हॅरीहाउसेन ती बहुधा एकट्यानेच करी. 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' या १९६३ च्या चित्रपटात सात अस्थिपंजरांची तीन माणसांशी लढाई आहे. तिला साडेचार महिने लागले. कित्येक दिवशी तेरा फ्रेम हाती लागत. म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी पडद्यावरील अर्ध्या सेकंदास जाऊन भिडे.

माझा जीव ज्या चित्रपटावर जडला आहे तो १९६६ चा 'वन मिलियन इयर्स बी. सी.', हॅमर या इंग्लिश कंपनीने जुन्या सरड्यांच्या चित्रपटावरून काढलेला. कॅनरी बेटांतील लान्झारोते आणि तेनेरीफे येथील काळ्याभोर ज्वालामुखी खडकांत त्याचे चित्रण झाले. त्याचे शास्त्र सांगावयाचे तर मनुष्य आणि डायनोसॉर यांमध्ये जे सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर, ते तेथे एका आरोळीचे आहे. आदिमानवांच्या स्त्रियांची केशरचना निर्दोष आहे. आणि उडत्या टेरॅनोडॉनच्या पंखांत वटवाघळाप्रमाणे बोटे पसरलेली आहेत. हे चित्रपट आपण प्राध्यापकांसाठी काढीत नाही, ते तसेही पाहावयास येत नाहीत, असा हॅरीहाउसेनचा या आक्षेपांवर ठरलेला जबाब असे. चित्रपटाच्या आरंभी खरा इग्वाना दाखविण्याची कल्पनाही त्याचीच. आधी खरे जनावर पाहिले की पुढील बनावट प्राणीही खरे वाटतील असा त्याचा होरा होता. तो फसला, आणि तसा तो फसला हे पाहणाराच्या ध्यानात येते तेव्हाच वर सांगितलेला भेदही डोळ्यांत भरतो.

कारण त्यानंतर समुद्रकिनाऱ्यावर आर्केलॉन येते. ते एक प्रचंड कासव आहे, आणि त्याचा कोणाशी वैरभाव नाही; ते आपल्या वाटेने समुद्राकडे निघाले आहे. माणसे भाले फेकतात, शंख फुंकतात, आरडाओरडा करतात. कासव वैतागून मान फिरविते, एकदोघांवर तोंड टाकते, आणि आपल्या कामास निघून जाते. या प्रसंगात मारामारीचे समाधान नाही. परंतु एखाद्या वृद्ध इनामदाराने पोरासोरांच्या दंग्याकडे पाहावे तसे ते पाहणे मी विसरू शकलो नाही. पुढे एक लहानसर अ‍ॅलोसॉरस वस्तीवर धाड घालतो आणि नायक टुमाक त्याला टोकदार वाशावर घेतो. तो कोसळतो, आणि कोसळल्यावर लगेच मरत नाही. त्याची बरगडी वरखाली होते. शेपटी आणखी एकदोनदा वळते. श्वास मंद होत जातो. खलनायकाला मरावयास इतका वेळ देणारा दिग्दर्शक विरळा, आणि येथे तो वेळ दिग्दर्शक डॉन चॅफीने दिलेला नसून टेबलावर वाकलेल्या माणसाने आपल्या पदरचा दिलेला आहे.

त्यापूर्वीच मरणाची याहून वेगळी शिकवण एका चेक चित्रपटाने देऊन ठेवली होती. कारेल झेमान याचा १९५५ चा 'पुराकाळाकडे प्रवास' हा चार मुलांच्या नौकाविहाराचा वृत्तान्त आहे. एकाला ट्रिलोबाइट या प्राचीन सागरी जीवाचा अश्म सापडतो, आणि तो जिवंत पाहण्यासाठी मुले नदीतून वर वर जातात तसतसे युग मागे मागे सरते. पुराजीवशास्त्रज्ञ योसेफ आउगुस्ता सल्लागार होते, आणि झ्देनेक बुरियान या चित्रकाराच्या चित्रांचा त्यावर ठसा आहे. यात माणूस आणि डायनोसॉर शेजारी राहत नाहीत. मुले पाहुणी आहेत आणि तसे त्यांना भान आहे. रात्री दोन जनावरांची झुंज होते, आणि सकाळी मुले मेलेल्या स्टेगोसॉरसच्या कलेवराजवळ जाऊन वहीत टिपण करतात. हॅमरच्या चित्रपटातील आरडाओरड्यानंतर हा अभ्यासूपणा फार गोड लागतो. मात्र झेमानची जनावरे स्वभावाने हॅरीहाउसेनच्या जनावरांइतकी बोलकी नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

शास्त्राच्या बाजूने एक गोष्ट जाता जाता नोंदवितो. विसाव्या शतकाच्या मध्यास पाठ्यपुस्तकांतील डायनोसॉर म्हणजे दलदलीत शेपटी ओढीत बसलेला मंद, थंड रक्ताचा आळशी प्राणी होता. पडद्यावरचा डायनोसॉर मात्र १९२५ पासून चपळ, कावेबाज आणि उतावळा होता, कारण आळशी प्राण्याची गोष्ट सांगता येत नाही. १९६९ साली जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनायकस या चपळ शिकारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले आणि विद्वानांचा कल बदलू लागला; तमासगिरांच्या गरजेने विद्वानांच्या आधी काही अंशी बरोबर उत्तर गाठले होते.

त्याच १९६९ साली 'द व्हॅली ऑफ ग्वांगी' प्रकाशित झाला. ही कल्पना ओब्रायनची, १९४२ साली तयारी करूनही त्याला सोडून द्यावी लागलेली. गुरूच्या मृत्यूनंतर शिष्याने ती तडीस नेली. मेक्सिकोतील निषिद्ध दरीत घोडेस्वार गुराखी एका मांसाहारी डायनोसॉरला फासे टाकून पकडतात. चित्रण स्पेनमध्ये झाले. प्रत्यक्षात स्वारांनी फासे टाकले ते जीपवर उभारलेल्या एका खांबावर; पुढे खोलीत त्या खांबाच्या जागी ग्वांगी उभा राहिला, आणि खऱ्या दोरांच्या टोकांशी बाहुलीच्या गळ्यातील तारेचे दोर फ्रेमगणिक जुळवीत न्यावे लागले. त्या दोन दोरांचा सांधा शोधण्याचा मी मुद्दाम प्रयत्न केला आणि थोड्याच वेळात, आपण काय शोधत होतो हे विसरून, ग्वांगी सुटतो की काय या काळजीत पडलो. क्वेंका येथील जुन्या कॅथीड्रलमध्ये तो जळून मरतो. चित्रपट तयार होईतो कंपनीचे मालक बदलले होते, नव्यांना त्यात रस नव्हता, आणि जाहिरातीवाचून तो चालला नाही.

या परंपरेचा शेवट १९९३ च्या 'जुरासिक पार्क'ने केला असे म्हणतात. तो चित्रपट आरंभी फिल टिपेट या बाहुलीकाराच्या हाती सोपवावयाचा होता. संगणकावर केलेल्या जनावरांची पहिली दृश्ये पाहून टिपेटने आपण स्वतःच नामशेष झालो, असे उद्गार काढले, आणि दिग्दर्शक स्पीलबर्गने त्या अर्थाचे संवाद चित्रपटात घालून टाकले. परंतु पुढची हकीकत इतकी सरळ नाही. संगणकाच्या कारागिरांना चालणे, दबकणे, ओझे तोलणे ठाऊक नव्हते. म्हणून सांध्यांत यंत्रसंवेदक बसविलेला धातूचा सांगाडा तयार करण्यात आला. बाहुलीकारांनी तो पूर्वीसारखाच बोटांनी हलविला आणि संगणकाने ती हालचाल टिपून घेतली. टिपेटला त्या चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. जुन्याच रीतीने आरंभलेला एक चित्रपट पुरा करण्याचा हट्ट मात्र त्याने सोडला नाही; मध्यंतरी बाजूस पडलेला तो चित्रपट आरंभापासून सुमारे तीस वर्षांनी, २०२१ साली, 'मॅड गॉड' या नावाने त्याने पुरा केला.

असाच एक हट्ट दिग्दर्शक पीटर जॅक्सनचा. मूळ 'किंग काँग'मध्ये माणसे खोल दरीत पडतात आणि तेथे प्रचंड कोळी त्यांचा फडशा पाडतात असे एक प्रकरण होते. कथेचा ओघ अडतो या सबबीवर कूपरने ते कापून टाकले आणि ते कायमचे नाहीसे झाले. २००५ साली, अपार संगणकबळाच्या जोरावर आपला नवा 'किंग काँग' पुरा करीत असतानाच, जॅक्सनने आपल्या कारागिरांकडून सांगाडे आणि रबराची जनावरे नव्याने घडवून घेतली, आणि हरवलेले ते दृश्य काळ्यापांढऱ्या फितीच्या धाटणीने एकेक फ्रेम टिपून पुन्हा उभे केले. त्याच्या नव्या चित्रपटातही किड्यांची तशीच एक दरी आहे, आणि ती शतपटीने महाग आहे. दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर मला भ्यायला लावले ते टेबलावरच्या कोळ्यांनी.